परक्याच्या फोनात बघणारे आबा

सुकलाल आबांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. मागायचे ते परक्यांकडे, आणि मागायचे ते फोन. टपरीवर चहा पिणारा, रिक्षात शेजारी बसलेला, दवाखान्याच्या बाकावर नंबरची वाट बघणारा, कुणीही चालायचा. "भाऊ, जरा तुमना फोन द्या. एक वस्तू देखनी शे." काहीतरी बघायचंय एवढं कळून माणूस बावचळून फोन द्यायचा. आबा तो हातभर लांब धरायचे, मान मागे टाकायचे, माइकचं चिन्ह दाबायचे आणि ओरडायचे, "मशीन में हाथ आ गया, सूरत, क्या करना?" आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलेलं. हळू बोलणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. अख्खी टपरी आधी त्यांच्या हातांकडे बघायची. दोन्ही हात धडधाकट, एका बोटात पोवळ्याची अंगठी. मग लोक एकमेकांकडे बघायचे. आबा मात्र ओठ मुडपून स्क्रीन सरकवत राहायचे आणि शेवटी निकाल द्यायचे, "नही. आज बी नही."

'नही' म्हणजे आम्ही नाही. आम्ही म्हणजे सुरतेत, लिंबायतमधल्या समाजाच्या हॉलमध्ये, जिन्याखालच्या खोलीत चालणारं मदत केंद्र. लूमवर किंवा मिलमध्ये कामगाराचा हात सापडला की मालकाचा माणूस त्याला एखाद्या खासगी दवाखान्यात नेतो, आणि कामगार नीट शुद्धीवर येतो न येतो तोच एका कागदावर त्याचा अंगठा घेतो. चूक माझीच, माझी काही तक्रार नाही, असं त्या कागदावर असतं. मग हातात गावाचं तिकीट. तो अंगठा उमटण्याआधी त्या माणसापर्यंत पोचायचं, एवढंच आमचं काम. पोचलो तर केस उभी राहते. नाही पोचलो तर माझं पत्रक तेवढं उभं राहतं.

पत्रकं मी फार छान लिहिते. 'जाहीर सवाल', 'त्रिवार धिक्कार', 'आता तरी जागे व्हा' हे शब्द माझ्या बोटांतून आपोआप निघतात. घरी दूधवाल्याला चिठ्ठी ठेवली तरी ती निवेदनासारखी होते. आई म्हणते, अगं, अर्धा लिटर जास्त हवंय एवढंच लिही, व्यवस्था कशाला बदलतेस.

केंद्राची वेबसाइट अर्थातच मी बनवून घेतली होती. लाल पार्श्वभूमी, वळलेली मूठ, मुठीखाली लांबलचक जाहीरनामा. संपर्क क्रमांक सगळ्यात खाली, कारण आधी भूमिका स्पष्ट व्हायला हवी, असं माझं ठाम मत. नाव, 'यंत्रमाग कामगार शोषणविरोधी संघर्ष व सहाय्यता मंच'. या नावासाठी आम्ही आपसात भांडलो होतो. कामगारांनी मात्र ते कधी वाचलं नाही, कारण वेबसाइट कुणाला सापडतच नव्हती. दवाखान्याबाहेर उभी असलेली बायको किंवा भाऊ घाबऱ्याघुबऱ्या फोनमध्ये विचारायचे, आणि वर यायचे दलाल. 'क्लेम मिळवून देऊ.' मिळालेल्यातला मोठा लचका त्यांचा. आम्ही खाली कुठेतरी, जिथे अंगठा हलवत जायला कुणालाच सवड नसते.

खोलीत टेबलं दोन. एक आमचं. दुसरं आबांचं, 'शुभधागा विवाह सूचक केंद्र'. आबा मूळचे शिंदखेड्याकडचे. तरुणपणी सुरतेला आले, लूम चालवला, लूम दुरुस्त करणारे मास्टर झाले, आणि कान गेले तेव्हा लग्नं जमवायला लागले. "खडखडाट कमी झाला आसं नही," म्हणायचे, "फक्त मशीन बदललं." कुणीही दारात आलं की तीन प्रश्न ठरलेले. "आडनाव काय? गाव कोणतं? मामानं गाव?" पोस्टमन असो की वीज कंपनीचा माणूस. मामाचं गाव कळल्याशिवाय आबांच्या दृष्टीने माणूस पुरता आत आलेलाच नसायचा.

मला हे सगळं सरंजामी वाटायचं. 'लग्नाच्या बाजारातील जातीची दुकानदारी' या विषयावर मी एक पत्रक लिहायला घेतलं होतं, तेही आबांच्याच पंख्याखाली बसून. त्यांनी ते टेबलावरून उचललं, हातभर लांब धरून शेवटपर्यंत वाचलं आणि परत देत म्हणाले, "चांगलं लिहिलं. पण खाले मना नंबर टाकाना ऱ्हायना."

एके दिवशी मी घारीचं, त्या तुपातल्या सुरती मिठाईचं, पाकीट घेऊन खोलीत शिरले. वेबसाइट पहिली आली होती! माझ्या फोनात मी नाव टाकलं, आणि सगळ्यात वर लाल मूठ. कार्यकर्त्यांना वाटली, हॉलच्या वॉचमनला दिली, आबांना दिली. आबांनी आधी घारी संपवली. बोटांचं तूप धोतराला पुसलं. मग समोरच्या टपरीवाल्याचा फोन मागून आणला आणि ओरडले. आम्ही कुठेच नव्हतो. एक दलाल, दुसरा दलाल, एक हाडाचा डॉक्टर, एक शिलाई मशीनचं दुकान.

"पण माझ्या फोनात येतंय ना!"

"तुना फोन तुले ओळखस, पोरी. दिवसभर तू तेच उघडतेस, तर तो तुझं मन राखतो. घरची पोर घरात सगळ्यांनाच देखणी दिसते. परक्याच्या ओट्यावर दाखव, मग समजेल." वर विचारलं, "आणि शोधलं काय? आख्खं नाव? ज्याला इतलं मोठं नाव पाठ शे, तो शोधील कसाले? तो तर घरचाच."

मी उरलेल्या घाऱ्या झाकून ठेवल्या. संध्याकाळी एकटीनेच खाल्ल्या. निषेध म्हणून.

चीड यायची ती वेगळ्याच गोष्टीची. लग्नाचं विचारलं की आबांचं शुभधागा त्याच टपरीवाल्याच्या फोनात फटकन यायचं. खरं तर धंदा मोडकळीला आला होता. पोरं आता ॲपवर एकमेकांना शोधतात, मामाचं गाव कुणी विचारत नाही. पण नाव वर. कारण आबांना फुकट छापून येण्याचं व्यसन होतं. पूर्वी समाजाच्या वधू-वर मेळाव्याची पुस्तिका निघायची. सुरतेची, नवापूरची, नंदुरबारची, एकही पुस्तिका त्यांनी सोडली नव्हती. पुस्तिका इंटरनेटवर गेल्या, आबा मागोमाग गेले. जिथे दुकानांची, दवाखान्यांची, क्लासवाल्यांची फुकट नोंद होते, अशी प्रत्येक साइट त्यांनी गाठली होती. सगळीकडे एकच नाव, एकच पत्ता, एकच नंबर. कुणाचं लग्न जमलं की वऱ्हाड निघण्याआधी नवरदेवाला समोर बसवून चार ओळी लिहून घ्यायचे.

मी त्यांना त्या साइट्सचं राजकारण समजावलं. आपला नंबर घेतात, विकतात, मग पैसेवाल्याला वर चढवतात, ही फुकटेगिरी नाही, सापळा आहे. आबांनी सगळं ऐकलं. निदान मान तरी हलवली. मग म्हणाले, "विकू दे ना. तुना नंबर कोणी विकत घेत नही, तर फुकट तरी जाऊ दे."

तर आम्ही त्या साइट्सवर केंद्राची नोंद करायला बसलो. मी लॅपटॉपवर, आबा बाजूला, मुलीच्या बापासारखे. पहिल्याच रकान्यात अडलो. नाव. फलकावर आमचा 'मंच' होता, पावतीवर 'समिती', वेबसाइटवर 'संघर्ष व सहाय्यता मंच', कारण दरम्यान आमच्यात वैचारिक घुसळण झाली होती. आबांनी कपाळावर हात मारला. "बायोडाट्यावर एक नाव, आधारवर दुसरं, गावात तिसरं! आसा पोऱ्या कोण पसंत करील? पोरीना बाप चहा टाकून उठी जाई." शेवटी ठरलं, 'कामगार अपघात मदत केंद्र, लिंबायत'. 'शोषणविरोधी' हा शब्द गेला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आबांना वाटलं, स्क्रीनने आलं.

मग माहितीचा रकाना. मी सुरुवात केली, 'भांडवली व्यवस्थेच्या चरकात...' आणि अक्षरांची मर्यादा तिथेच संपली. आबा म्हणाले, "लग्नाच्या जाहिरातीत कोणी हुंडापद्धतीचा इतिहास लिहितं का? पोरगा काय करतो, राहतो कुठे, फोन कोण उचलतो. बस." लिहिलं, 'मशीनमध्ये हात आला, अपघात झाला, तर सही-अंगठा देण्याआधी फोन करा. मोफत.' मराठीत, हिंदीत, गुजरातीत. तीच ओळ आबांनी वेबसाइटवर मुठीच्या वर चढवायला लावली आणि नंबर तिच्या शेजारी. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कमी संतापाचं लिखाण ते.

आबा अचूक होते असं मात्र कुणी समजू नये. 'वेळ' या रकान्यात त्यांनी राहुकाळ वगळायला लावला. विभाग निवडताना, जितके जास्त तितके बरे म्हणून आम्हाला 'मंगल कार्यालय' आणि 'केटरिंग'मध्येही टाकलं. पुढचा महिनाभर बँडवाले फोन करत होते. एकाने मला नाशिक ढोल ऐकवला, फोनवर, पूर्ण. शिवाय कर्जवाले, सोलरवाले, आणि त्याच साइट्सचे विक्रेते, मॅडम, प्रीमियम घ्या. मी त्यांना श्रमाच्या शोषणावर ऐकवायची. ते फोन ठेवायचे. आबा त्यांना आडनाव विचारायचे. एक विक्रेता पारोळ्याकडचा निघाला. त्याने प्रीमियम विकायला फोन केला होता. आबांनी त्याचं लग्न ठरवून दिलं.

घोटाळा नंबरात झाला. खोलीत खिळ्याला टांगलेला जाड बटणांचा फोन आबांचा. तोच नंबर आम्ही केंद्रासाठी दिला, कारण माझा फोन कायम बंद असायचा. मी बैठकीत असायची. बैठक बहुधा कामगारांपर्यंत कसं पोचावं याच विषयावर असायची. आता पत्ता तोच, खोली तीच, नंबर तोच. साइट्सनी आमच्या नोंदी एकामागून एक उडवल्या. 'या पत्त्यावर आणि क्रमांकावर आधीच व्यवसाय नोंदलेला आहे.' म्हणजे शुभधागा. नवा नंबर घेऊन पाहिला. पत्ता तोच म्हणून नकाशावाल्यांनी दोन्ही पुन्हा एकात गुंडाळले आणि जुनं नाव ठेवलं. मी निषेधाचं पत्र पाठवलं. आठ मुद्दे, तीन उपमुद्दे. तत्काळ उत्तर आलं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. आमच्या सेवेला किती तारे द्याल?'

ते वाचून आबांनी लॅपटॉप मिटला. त्यांना जे कळलं होतं ते मलाही कळलं होतं: एका दारावर एकच पाटी राहणार. मी तो विषय काढला नाही. शुभधागाचं नाव एवढंच आता आबांकडे उरलं होतं. बाकी सगळं, गिऱ्हाईक, कान, गुडघे, गेलं होतं. त्या आठवड्यात ते माझ्याबरोबर चहाला आले नाहीत. एकटेच बस पकडून कडोदऱ्याला गेले, मिलच्या गेटवर उभं राहून सुटलेल्या पाळीतल्या लोकांचे फोन मागत फिरले. परत आले ते चिडून. "तठे तर आपण नहीच. दलालच दलाल. मना शुभधागा मात्र दिसस." आणि मग जणू मीच काही बोलले असल्यासारखे, "माले शिकवू नको. माले समजस."

सोमवारी आबा कोट घालून आले. लग्नाला जाताना घालायचे तो. टेबलावर नारळ ठेवला, लॅपटॉपला कुंकू लावलं. माझ्या अंधश्रद्धाविरोधी लॅपटॉपला.

"नाव बदल," म्हणाले.

"आबा, तुमचं..."

"पोर सासरी जास तं नाव बदलस. घर तेच ऱ्हास. मी इतल्या पोरी दिल्या, एक आपली बी देऊ." मग डोळे वटारून, "रडू नको. तुना रडण्यात बी पत्रक निघी."

मी तत्त्वाचा मुद्दा काढला. खाली शुभधागाची तारीफ तशीच राहणार, ही दिशाभूल नाही का? आबांनी थोडा विचार केला. "मग लिही खरं. 'पूर्वीचे शुभधागा विवाह केंद्र. आबा तेच.'" तसं लिहिलं. साइट बाय साइट, दुपारपर्यंत. प्रत्येक ठिकाणी जुनं नाव पुसलं की आबा "हं" म्हणायचे. शेवटच्याला म्हणाले नाहीत.

आता आमचं पान जगातलं एकमेव असावं. वर 'कामगार अपघात मदत केंद्र' आणि खाली लोकांचे अभिप्राय, 'स्थळ उत्तम मिळाले.' 'सासू स्वभावाने चांगली.' 'आबा माणूस चांगला, खोटं सांगत नाही, पोराचं टक्कल आधीच सांगितलं.' मी तोंड लपवून फिरत होते. दुसऱ्या संघटनेच्या एका कार्यकर्त्याने विचारलं, तुमच्याकडे हात गेला तर नुकसानभरपाई मिळते की बायको?

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी खिळ्यावरचा फोन वाजला. आबांनी उचलला. त्यांचा फोन स्पीकरवरच असायचा. बाई रडत होती. संगीता नाव, नवऱ्याचा हात रोलरमध्ये गेला होता, कडोदऱ्याच्या एका दवाखान्यातून बोलत होती. मुकादम कागद घेऊन आला होता. शाई आणायची राहिली म्हणून खाली दुकानात गेला होता.

"आडनाव काय?" आबा म्हणाले.

मी उडालेच. "आबा! तिकडे अंगठा..."

"गाव कोणतं?" त्यांनी मला तळवा दाखवला. "मामानं गाव?"

मी फोन ओढायला हात घातला. बाईने हुंदके देत मामाचं गाव सांगितलं. आबांचा चेहरा उजळला. "अंगठा देऊ नको. तुले चक्कर येस, नवऱ्याले उलटी होस, काय बी सांग. पाच मिनिटं थांब." फोन ठेवून लगेच दुसरा लावला. त्या मामाच्या गावची एक सखूबाई कडोदऱ्यात, दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत राहत होती. तिच्या धाकट्या पोरीचं लग्न आबांनी जमवलेलं. "सखू, तुना गावनी भाची शे. जाय, आणि मी ये तवलग उठू नको."

आम्ही रिक्षाने पोचलो तेव्हा सखूबाई कॉटच्या कडेला बसली होती. ऐसपैस. मुकादम समोर उभा, हातात शाईचं पॅड, चेहरा पडलेला.

"मावशी, जरा उठा ना. कागद तुमच्या खाली आहे."

"गुडघा धरी लिधा रे बापू," सखूबाई म्हणाली. "उठाले टाइम लागस. बस ना तू बी. आडनाव काय तुनं?"

तिला तो कागद काय आहे हे माहीत होतं की नाही, मला आजवर कळलेलं नाही. मी मात्र दारातच कायद्याची कलमं म्हणायला सुरुवात केली होती. पहिलं कलम संपायच्या आत मुकादम पॅड खिशात घालून निघून गेला. माझ्या वक्तृत्वाने नव्हे. माझ्या मागून आबा त्याला मामाचं गाव विचारत होते.

संगीताला नंतर मी विचारलं, वर एवढे दलाल होते, त्यांना का नाही लावला फोन? ती म्हणाली, "त्यांच्या खाली कोणाचं नावच नव्हतं ताई. तुमच्या खाली लिहिलं होतं, पोराचं टक्कल आधीच सांगितलं. म्हटलं, हा माणूस फसवणार नाही."

मी हे आबांना सांगितलं. ते खूप हसले, मग दार लोटून घेतलं. "लग्न जमवणारा तं सगळ्यात जास्ती खोटं बोलस, पोरी. पण तिले सांगू नको."

संगीताच्या नवऱ्याची केस उभी राहिली, अजून चालू आहे. आबांचं टेबल मात्र रिकामं होत गेलं. लग्नाचे फोन कमी झाले, आले तर आबाच सांगायचे, "ते बंद शे. हात-पाय गेला तं बोला." मग स्वतःशीच थोडा वेळ अंगठी फिरवत बसायचे. मोतीबिंदू पिकला तेव्हा नंदुरबारची लेक न्यायला आली.

उधना स्टेशनवर मी पोचवायला गेले. आबांना खिडकी मिळाली. लेक सामान लावत होती. मी खिडकीशी उभी राहून काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते. मनात 'आपले ऋण' वगैरे शब्द जमत होते, म्हणजे पत्रकच. आबांचं लक्ष नव्हतं. ते समोरच्या सीटवरच्या तरुणाकडे वळले होते. "भाऊ, जरा तुमना फोन द्या."

"आबा, राहू द्या ना आता."

"थांब व. हा बारडोलीना शे. परका शे." आणि ओरडले, "मशीन में हाथ आ गया, सूरत, क्या करना?" अख्खा डबा त्यांच्या हातांकडे बघायला लागला. गाडीने झटका दिला. तो तरुण फोनसाठी हात पुढे करत होता, आबा फोन पिकलेल्या डोळ्यांजवळ नेत, लांब करत, पुन्हा जवळ नेत होते. गाडी सरकली. मी चालायला लागले. आबांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि आम्ही कितवे ते मला बोटांनी दाखवलं. तीन. चेहरा असा, जसा मुलीचा बाप मुलाकडून 'कळवतो' ऐकून उठतो. मग त्याच तीन बोटांनी दम दिला, आणि डबा पुढे गेला.

फलाटावर मी माझा फोन बाहेर काढला. परत ठेवला. पुलाजवळ एक चहावाला किटली पुसत होता.

"काका," मी म्हटलं, "जरा तमारो फोन आपशो? एक वस्तु जोवी छे."